पोट सुटलेला भाव

आमच्या साडूंनी संगणकाच्या पडद्यावर तो आलेख मला पहिल्यांदा दाखवला, तेव्हा मी काळजीच्या सुरात विचारलं, "कुणाचा एक्स-रे हा?" पडद्याच्या डाव्या कडेला टेकून एक माणूस उभा असावा तसं स्पष्ट दिसत होतं. डोकं बारीक, पाय बारीक आणि मधे आमच्या हेडकॅशियरसारखं पोट.

"एक्स-रे नाही. कालचा दिवस आहे," साडू म्हणाले.

एकाच घरचे दोन जावई म्हणजे एकाच परीक्षेला बसलेले दोन विद्यार्थी. निकाल दर दिवाळीला सासुरवाडीत लागतो. गेली वीस वर्षं पहिला नंबर साडूंचा. मी बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे बसलो तो अजून तिथेच आहे. ते एका कंपनीत साहेबाच्या खुर्चीपर्यंत पोचले आणि २०२२ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरबसल्या 'डे ट्रेडिंग' करू लागले. म्हणजे सकाळी घेतलेला शेअर त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं, रात्री घरात काही ठेवायचं नाही. जेवणाच्या टेबलावर दोन पडदे आले आणि घरातली माणसं जमिनीवर बसून जेवू लागली. आमची ही त्यांना लग्नापासून 'भावजी' म्हणते. पूर्वी ते नातं होतं, आता तो हुद्दा झाला.

तर त्या पोटाविषयी. ही युक्ती मूळ शिकागोची. धान्याच्या सौद्यांसाठी १८४८ साली तिथे 'शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड' नावाचा बाजार सुरू झाला. त्या बाजारातल्या पीटर स्टाइडलमायर नावाच्या व्यापाऱ्याने ही मांडणी काढली आणि १९८० नंतरच्या दशकात ती 'मार्केट प्रोफाइल' या नावाने लोकांपुढे आली. त्याचं म्हणणं साधं आहे. भाव किती झाला एवढंच विचारू नका, त्या भावाला बाजार किती वेळ थांबला तेही विचारा. क्षणभर कुणीही काहीही भाव पुकारतो. पण वेळ मात्र माणूस पटलेल्या जागीच घालवतो.

हे ऐकून मी चमकलो. कारण हे तर आमचं एस.वाय.चं संख्याशास्त्र! वारंवारिता वितरण! ज्या विषयात मला ३८ मार्क पडले होते, त्याच्या जोरावर शिकागोत लोक पैसे मिळवतात हे मला आमच्या सरांनी तेव्हा सांगितलं असतं, तर निदान ४२ तरी पडले असते.

घरी आलो आणि मुलीची चौकटीची वही मागून घेतली. ही २०२४ सालातली गोष्ट. शेअरबाजार तेव्हा सव्वानऊला उघडे आणि साडेतीनला मिटे. या सव्वासहा तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे. बारा पुरते आणि शेवटचा पाव तासाचा, असे तेरा. प्रत्येक तुकड्याला एक अक्षर द्यायचं. साडूंच्या पडद्यावर एबीसीडी होती, मी मराठी माणूस असल्यामुळे 'क'पासून सुरुवात केली. समजा, सव्वानऊ ते पावणेदहा या वेळात शेअर ५०० ते ५०४ रुपयांत हिंडला. मग उभ्या रांगेत भाव लिहायचे आणि ५०० पासून ५०४ पर्यंत प्रत्येक भावासमोर एकेक 'क' काढायचा. पुढच्या अर्ध्या तासात तो ५०२ ते ५०६ मधे असला, तर त्या भावांसमोर 'ख'. असं साडेतीनपर्यंत. ज्या भावासमोर अक्षरांची रांग लांब, तिथे बाजार जास्त वेळ रेंगाळला. तेच ते पोट.

शाळेच्या तक्त्यावर 'ङ' आणि 'ञ' या दोन घरांत कधी चित्र नसे. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, पण ञ कशाचा हे सांगायला गुरुजीही तयार नसत. माझ्या वहीत मात्र त्यांना नोकरी लागली. 'ङ'ला सव्वाअकरा ते पावणेबारा आणि 'ञ'ला पावणेदोन ते सव्वादोन. हा 'ञ' पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, तेव्हा वाचकांनी त्याच्यावर नजर ठेवावी.

सगळ्यात लांब रांगेला साहेब लोक 'पॉइंट ऑफ कंट्रोल' म्हणतात. मी तिला 'कट्टा' म्हणू लागलो. गावभर हिंडून माणूस संध्याकाळी जिथे येऊन टेकतो, तसा भाव जिथे टेकतो ती जागा. कट्ट्याच्या वरखाली मोजत जाऊन दिवसाच्या एकूण अक्षरांपैकी ७० टक्के ज्या भावांत बसतात तो 'व्हॅल्यू एरिया', म्हणजे बाजाराची वस्ती. ७०च का, तर संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या आलेखात मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन घेतलं की सुमारे ६८ टक्के येतात. ते सोयीसाठी ७० केले. आणि जिथे एखादंच अक्षर असतं, तिथे भाव फास्ट लोकलसारखा धडधडत गेलेला असतो. त्या स्टेशनात कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. दुसऱ्या दिवशी व्यापार करणारे आदल्या दिवशीचा कट्टा आणि वस्तीच्या दोन्ही वेशी मांडून बसतात. भाव वेशीपाशी आला की तो परत फिरतो की ओलांडून जातो, हे बघायचं.

"पण नुसत्या वेळेवर भिस्त ठेवायची नाही," साडूंनी पुढच्या रविवारी दुसरा पडदा दाखवला. "कुठल्या भावाला किती शेअर हातोहात गेले तेही बघायचं. हा व्हॉल्यूम प्रोफाइल."

हा फरक मला शिकवायला शिकागोहून कुणी यायची गरज नव्हती. महिन्याच्या एक तारखेला पेन्शन घेणारे एक आजोबा माझ्या काउंटरवर अर्धा तास उभे असतात. पासबुक भरून घेतात, व्याज कमी का झालं विचारतात, सून नीट चहा देत नाही हे सांगतात आणि १,००० रुपये काढून जातात. त्यांच्यामागे सराफाच्या दुकानातला पोऱ्या येतो, दोन मिनिटांत ४ लाखांचा भरणा करतो आणि चप्पल न वाजवता नाहीसा होतो. वेळेचा आलेख काढला तर बँक आजोबांची, रकमेचा काढला तर सराफाची. बँक खरी कशावर चालते हे कळायला दोन्ही लागतात. बाजारातही तसंच. वेळेचं पोट आणि उलाढालीचं पोट एकाच भावाला आलं, तर तो कट्टा पक्का. दोन्ही वेगवेगळ्या जागी आले, तर कुणीतरी थोड्या वेळात मोठा व्यवहार उरकून गेलंय एवढं समजायचं आणि जपून राहायचं.

बँकेच्या नोकराने सट्ट्यात पडू नये असा आमच्याकडे नियम आहे, त्यामुळे माझा सगळा व्यवहार पेन्सिलीचा. रात्री जेवण झालं की फोनवर दर अर्ध्या तासाचे वरचे-खालचे भाव काढायचे आणि वही भरायची. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की रात्री नऊ वाजता मला बाजारातलं सगळं कळतं. इथे घ्यायला हवा होता, तिथे विकायला हवा होता. एकही सौदा बुडाला नाही! अडचण एवढीच की बाजार साडेतीनला मिटलेला असे. दुपारी बारा वाजता त्याच आलेखाला पोट सुटलेलं नसतं, सुटतंय की काय एवढी शंका असते. दहाला ५०३ वर बसलेला कट्टा दोन वाजता ५०८ वर जाऊन बसलेला असतो. म्हणजे दिवसाचं चित्र पूर्ण होतं ते दिवस संपल्यावर, आणि सौदा करायचा असतो तो दिवस चालू असताना. बाजारातली माणसं आज कुठे एकमताने बसली ते हा आलेख सांगतो. उद्या ती उठून कुठे जातील, हे त्याला कुणी कळवलेलं नसतं.

हे मी साडूंना सांगणार होतो, पण वडील साडूंना धाकट्याने काही सांगायचं नसतं. दिवाळी जवळ आली होती.

एका रात्री हिच्या ताईचा फोन आला. फोन चालू असताना ही नुसतं "हो ताई, हो" म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "अहो, भावजींना ३ लाख हवेत. भांडवल कमी पडतंय म्हणे. सहा महिन्यांत परत करतील."

३ लाख म्हणजे आमची मुदत ठेव. मुलगी बारावीला होती. त्या ठेवीवर पैशाने नव्हे, पेन्सिलीने तिच्या पहिल्या वर्षाच्या फीचं नाव लिहिलेलं होतं.

"आणि ताई काय म्हणाली?"

"ताई म्हणाली, देऊ नका," ही म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "पण त्यांना कळता कामा नये मी सांगितलं म्हणून."

रात्रभर मला झोप नाही. वीस वर्षं पहिला आलेला विद्यार्थी शेवटच्या बाकावरच्याकडे पेन मागतोय. नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणणार? सकाळी चहा ठेवताना हीच म्हणाली, "तुम्ही बँकेत लोकांना कर्ज देताना कागद बघता की नाही? मग भावजींचे बघा. त्यात अपमान कसला?"

शनिवारी साडू फाईल घेऊन आले. दलालाकडून रोज येणारी सौद्यांची टिपणं, तीन महिन्यांची. त्यांच्यावर प्रत्येक सौद्याची वेळ छापलेली असते. शेअरबाजारातलं मला कळत नाही, पण कागदावरचे आकडे जुळवण्यात माझी हयात गेली आहे. मी चौकटीची वही काढली. भावांच्या जागी साडूंचा रोजचा नफा-तोटा लिहिला आणि प्रत्येक सौद्याच्या वेळेचं अक्षर त्याच्यासमोर मांडत गेलो. 'क', 'ख', 'ग' बहुतेक नफ्याच्या बाजूला, थोडे थोडे. मग 'छ'पासून अक्षरं खाली घसरू लागली. 'ज', 'झ', 'ञ', 'ट'. तोट्याच्या बाजूला असं पोट सुटलं की हेडकॅशियरने लाजावं. वेळेपुढे शेअरांची संख्या मांडली, तर तेही पोट तिथेच. सकाळी १०० शेअर घेणारा माणूस दुपारी ४०० घेत होता. वेळेचा आणि उलाढालीचा कट्टा एकाच जागी आला होता: 'ञ'.

"या वेळात काय करत होता तुम्ही?" मी विचारलं.

साडू बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थोडं गेलेलं असायचं... ते भरून काढत होतो."

त्या वेळात भाव बहुधा आपल्या कट्ट्यावर पडून पेंगत होता. साडू त्याला वरून घेत होते, खालून विकत होते आणि प्रत्येक फेरीला दलाली, कर आणि इतर आकार भरत होते. शेअर जागचा हलत नव्हता, ये-जा साडूंची होत होती.

सेबीने जुलै २०२४ मधे एक अहवाल काढला होता. २०२२-२३ या वर्षात शेअरबाजारात त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्या दर १० माणसांपैकी ७ तोट्यात गेली, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के होतं. ७० टक्के! वस्ती म्हणतात ती हीच. साडू एकटे नव्हते, भर वस्तीत होते. हे मी त्यांना समजूत काढायच्या हेतूने सांगितलं, पण ते हसले नाहीत. मीही नाही.

ठेवीचा विषय त्यांनी काढला नाही. चहा घेतला, फाईल उचलली आणि दारात चपला घालताना म्हणाले, "ते वहीचं पान फाडून देता का?" मी पान दिलं. मुलीने दुसऱ्या दिवशी वही का फाडली म्हणून माझी हजेरी घेतली.

साडू सुटले असं मी लिहिणार नाही. व्यसन, दमा आणि शेअरबाजार यांतून माणूस सुटल्याचं लवकर जाहीर करू नये. पण दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टेबलावर एकच पडदा होता आणि त्याच्या कडेला ते पान चिकटवलेलं होतं. ताईने हिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, की सकाळी दीड तास काय ते करतात, पावणेअकराला बंद.

"आणि मग?" हिने विचारलं.

"मग काय? पावणेदोन वाजले की मी ताटं वाढते. टेबलावर."

'ञ' कशाचा, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो जेवणाचा.