शेवटच्या गड्याचा रोज

आमचं मढ गाव मुंबईत आहे, पण मुंबईला ते अजून पुरतं सापडलेलं नाही. समोर वर्सोवा दिसतं. होडीने गेलं तर पाच मिनिटं, आणि रस्त्याने जायचं तर एरंगळ, आक्सा, मार्वे, मालाड असा मोठा वळसा. कोळी लोक दर्यावर जातात, आणि आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती, भात आणि भाजी करणारे. ईस्ट इंडियन हे नाव 1887 साली, विक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी आमच्या शहाण्या माणसांनी घेतलं. त्याच्या आधी नाव काय का असेना, भात हाच होता. ऑक्टोबरात आगेराचा सण येतो तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. आता कित्येक घरांना त्या लोंब्या दुसऱ्याकडून मागून आणाव्या लागतात. ते असो. मला सांगायचं आहे ते मजुरीबद्दल.

1972 साल. मी अकरा वर्षांचा. त्या साली देशावर मोठा दुष्काळ होता. नगर, बीडकडची माणसं पोटासाठी मुंबईला येत होती. मालाड स्टेशनाबाहेर बोचकी घेऊन बसलेली घरंच्या घरं मी पाहिलीत. आमच्याकडे मात्र खाडीकाठच्या खारीत तांबडा भात बऱ्यापैकी उभा होता.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी बाबांनी कापणीला तीन गडी घेतले. रोज पाच रुपये आणि दुपारचं जेवण. काही घाई नव्हती. पण दुपारी बाराच्या भरतीला पाणी चढलं तसं बांधातून झिरपायला लागलं. खेकड्यांनी आतून बिळं केली होती. बाबांनी चिखल, गवत, गोणपाट लावून पाहिलं. पाणी थांबलं, पण बाबांचं तोंड बघून मला कळलं की हे रात्रीपर्यंतच. पुनवेचं उधाण. मध्यरात्रीच्या भरतीला बांध फुटला तर खारं पाणी आत, आणि वर्षाचा भात गेला.

बाबा मार्व्याकडे गेले आणि दोन वाजता आणखी दोन गडी घेऊन आले. तरी काम उरकेना. पाच वाजता रस्त्याने एक पोक्त माणूस चालला होता. डोक्याला मुंडासं, हातात रिकामी पिशवी. बाबांनी बांधावरून हाक मारली, "काय हो, दिवसभर काय करत व्हता?" तो म्हणाला, "उभा होतो मालाडला. कुणी नेलं नाही." बाबांनी काही न बोलता त्याच्या हातात इळा दिला.

दिवस मावळला, चांदणं पडलं तरी आम्ही भारे वाहत होतो. मी पण सकाळपासून होतो. हातावर फोड आले होते. बाराच्या आत सगळा भात वरच्या खळ्यावर आला, कडेचा एक पट्टा तेवढा राहिला. तो पाण्यात गेलाच.

मग अंगणात कंदील ठेवून बाबांनी पैसे वाटले. पाच वाजता आलेल्याला आधी बोलावलं आणि पाच रुपये दिले. दोनच्या दोघांना पाच पाच. सकाळच्या तिघांनाही पाचच. त्यातला एक जण पुटपुटला, "मालक, आम्ही उनात भाजलो, त्याने चांदण्यात कापलं." बाबा म्हणाले, "तुझं काय ठरलं व्हतं? ते दिलं. तुझ्यातलं काढून त्याला नाय दिलं."

खरं म्हणजे तुझ्यातलं काढून नाही, पण आमच्यातलं काढून दिलं होतं. बाबांजवळ वीसच रुपये होते. वरचे दहा आयच्या भाजीच्या पाटीचे. ती तडकली, "तुमचं शास्त्र माझ्या पाटीच्या पैशावर चालतं!" ते दहा रुपये माझ्या नाताळच्या शर्टाचे होते. म्हणून मी पण रडत भांडलो. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, रोज म्हणजे दिवस. त्याचा दिवस गेला ना? त्याच्या घरी पण माणसं सबंध दिवसाचीच उपाशी हायत, एका तासाची नाय."

त्या नाताळला मी जुन्याच शर्टावर देवळात गेलो.

बाबांना लिहिता वाचता येत नव्हतं. मग हे त्यांनी कुठून आणलं? येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला मत्तयच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात आहे. मळ्याचा धनी सकाळी, दुपारी आणि अगदी संध्याकाळी मजूर आणतो आणि सगळ्यांना सारखा रोज देतो. सकाळचे कुरकुरतात. बाबांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. लोक माळ जपत बसायचे. 1962 ते 65 साली रोमला व्हॅटिकनची मोठी परिषद झाली आणि त्यानंतर वाचनं लोकांच्या भाषेत आली. म्हणजे चाळिशी उलटल्यावर बाबांनी तो दाखला आल्तारावरून आपल्या भाषेत ऐकला. दुसरे ऐकून घरी आले, बाबांनी तो खारीत नेला.

मी 1977 ला दहावी झालो. पुढे शिकलो नाही, पण वाचायची सवय लागली. गांधीजींचं आत्मचरित्र वाचलं. त्यात 1904 सालची गोष्ट आहे. ते जोहान्सबर्गहून दर्बानला आगगाडीने निघाले, तेव्हा पोलक नावाच्या मित्राने वाटेत वाचायला रस्किनचं एक पुस्तक दिलं. रात्रभर गांधीजींना झोप आली नाही. वकिलाच्या कामाची आणि न्हाव्याच्या कामाची किंमत एकच, आणि शेतकऱ्याचं, कारागिराचं कष्टाचं जगणं हेच खरं जगणं, हे त्यांनी त्यातून घेतलं. मग फिनिक्सला शेतावर वस्ती उभी केली. 1908 साली त्या पुस्तकाचा सारांश त्यांनी गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिलं सर्वोदय. आता गंमत बघा. रस्किनच्या पुस्तकाचं नाव त्याच दाखल्यातून घेतलेलं आहे, 'या शेवटच्यालाही' अशा अर्थाचं. त्याचे लेख 1860 साली लंडनच्या मासिकात येत होते, तर वाचक इतके चिडले की चार लेखांवर थांबवावे लागले. सकाळचे गडी तिकडेही होतेच.

पुढे तोच विचार आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी गावोगाव पायी चालत नेला. आणि 2000 सालच्या डिसेंबरात सरकारने सगळ्यात गरीब घरांसाठी अंत्योदय अन्न योजना काढली. पुढे ते घरामागे महिन्याला 35 किलो धान्य झालं. अंत्योदय म्हणजे शेवटच्याचा उदय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका बाईने ते कार्ड मला दाखवलं, तेव्हा मला आमच्या अंगणातला कंदील आठवला. तिला दाखला माहीत नव्हता. तिला माहीत असायची गरजही नव्हती.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असं कुणाला वाटेल. नाही झालो, ते आता सांगतो.

1999 चा सप्टेंबर. पावसाने आमचा शिराळ्यांचा मांडव आडवा केला. वेल जमिनीवर पडले की दोन दिवसांत फळ कुजतं. दुपारी एक वाजता मालवणीच्या नाक्यावरून एक माणूस आणला. रोज शंभरचा, म्हणून मी आधीच सांगितलं, अर्धा दिवस, पन्नास. तो हो म्हणाला. काम चोख केलं. बांबू रोवले, तारा ओढल्या, वेल हळू हाताने वर चढवले. संध्याकाळी पन्नासची नोट दिली तर तो म्हणाला, "शेठ, घरी बाई बाळंतीण आहे. काल पण काम लागलं नाही. पुरा रोज द्या, उद्या सकाळी येऊन फेडतो." मी म्हटलं, "ठरलं ते ठरलं. हिशोब म्हणजे हिशोब." माझ्या खिशात पैसे होते. त्याने नोटेची घडी केली, कपाळाला लावली आणि गेला. तो जरा भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या देवळात रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने फिरतात. द्राक्षमळ्याचा दाखला तीन वर्षांतून एकदा, सप्टेंबरात येतो. तो नेमका त्याच रविवारी आला. प्रवचनात फादर काय बोलले ते मला आठवत नाही. मी बाकावर बसून खिशातले पैसे चाचपत होतो.

सोमवारी सकाळी सातला मी नाक्यावर गेलो. म्हटलं, त्याला पन्नास रुपये देऊ आणि मोकळं होऊ. मी रिक्षातून उतरलो आणि चाळीसेक माणसांनी माझ्याभोवती कोंडाळं केलं. "शेठ, कितना आदमी?" "साहेब, मी येतो." "काका, गवंडी पाहिजे?" कुणी माझा हात धरला, कुणी आपली थापी पुढे केली. मी एकाला शोधायला गेलो होतो, आणि माझ्याकडे कुणालाच काम नव्हतं. तोंड लपवून निघालो. मंगळवारी गेलो, बुधवारी गेलो. तो दिसला नाही. पुन्हा कधीच दिसला नाही. मी पापनिवेदन केलं, फादरांनी प्रायश्चित्त दिलं, देवाने क्षमा केली असं मी मानतो. पण देवाची क्षमा मिळाली तरी त्या माणसाचे पन्नास रुपये माझ्याकडेच राहिलेत.

1891 साली पोप तेरावे लिओ यांनी मजुरांच्या प्रश्नावर एक पत्र लिहिलं, रेरुम नोवारुम नावाचं. त्यातला एक मुद्दा मला तेव्हापासून टोचतो. धनी आणि मजूर दोघांनी कबूल केली एवढ्याने मजुरी न्यायाची ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचं त्यात भागलं पाहिजे. नाइलाजाने दिलेली कबुली ही कबुली नव्हे. म्हणजे माझं 'ठरलं ते ठरलं' तिथे टिकत नाही. 2025 च्या मे महिन्यात नवे पोप निवडले गेले, त्यांनी लिओ हेच नाव घेतलं आणि त्या जुन्या पत्राची आठवण काढली. आता यंत्रं माणसाचं काम करायला लागली, म्हणून तो प्रश्न परत उभा आहे, असं त्यांचं म्हणणं.

तो उभा आहे हे मला मढमध्येच दिसतं. झाडाखाली मोटारसायकली लावून पोरं बसलेली असतात, पाठीला चौकोनी पिशव्या. फोन वाजला तर पैसे, नाही वाजला तर नाही. पेट्रोल त्याचं, ऊन त्याचं, वाट बघायचा वेळही त्याचा. नाक्यावर निदान माणसाला माणूस दिसत होता. या नाक्यावर धन्याचं तोंडच दिसत नाही, मग "घरी बाळंतीण आहे" हे सांगायचं कुणाला?

त्या सप्टेंबरानंतर आमच्या वाडीत अर्धा रोज बंद केला. दुपारी आला तरी पुरा. शेजारी म्हणाले, उद्या सगळे दुपारीच येतील. तसं झालं नाही. ज्याला कामाची गरज असते तो सकाळीच येतो, कारण दुपारी कोण बोलावेल याचा भरवसा नसतो. एक जण मात्र दोनदा मुद्दाम उशिरा आला. तिसऱ्यांदा मी त्याला बोलावलं नाही. दाखल्यातल्या धन्याने काय केलं असतं यावर मी पुष्कळ विचार केलाय. आणि हेही कबूल करतो, पुरा रोज द्यायचा म्हणून मी दुपारी गडी आणायचंच टाळतो. बायको आणि मी दोघं कंबर मोडून उरकतो. म्हणजे पुण्य केलं ते पण हात राखूनच. आय बोलली होती ते खोटं नव्हतं. शास्त्र चालवायला कुणाची तरी पाटी लागते, आणि बहुतेक ती घरातल्या बाईची असते.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगून थांबतो. आमच्याकडे बंगल्यांवर शूटिंगं चालतात. एका संध्याकाळी पाच वाजता पुतण्या धावत आला, "काका, म्हातारा शेतकरी पाहिजे, चला लवकर." मी म्हटलं, तो तर मी आहेच. धोतर नेसवलं, डोक्याला मुंडासं बांधलं, खाटेवर बसवलं. तासभर बसलो. मागून पोरं डोक्यावर टोपल्या घेऊन जात होती. ती सकाळी सातपासून जात होती. घामाने निथळलेली.

काम संपल्यावर पैसे वाटणाऱ्या माणसाने सगळ्यांना सारखे दिले. मला पण तेवढेच. मी म्हटलं, "अहो, मी आत्ताच आलो." तो वर न बघता म्हणाला, "पूर्ण शिफ्ट लिहिलीय काका. घ्या."

माझ्या मागे एक सतरा-अठराचा पोरगा उभा होता. त्याने माझ्या हातातल्या नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मला ओळखीची होती. हाताला फोड आलेले असताना कंदिलाच्या उजेडात मी मुंडासंवाल्याकडे तसाच पाहत होतो. त्याला बाबांचं वाक्य सांगावं असं वाटलं. पण नोटा माझ्या हातात होत्या. ते वाक्य देणाऱ्याने बोलायचं असतं, घेणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही. मी मान खाली घातली. त्या रात्री मुंडासंवाल्यानेही अशीच मान खाली घातली होती. तेव्हा मला ती लबाडी वाटली होती.

घरी आलो. बायकोने विचारलं, "किती मिळाले?"

म्हटलं, "रोज मिळाला. पुरा."