छत्तिसावा माणूस

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता. "मावशी, एचआयव्हीच्या लसीची एकेक चाचणी बंदच पडते गं. हा विषय घेऊन चुकले का मी?" तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

हा विषाणू किती अवघड, ते तूच मला शिकवलंस. गोवर आलेलं पोर बहुधा आपलं आपण बरं होतं. शरीर जिंकतं कसं, हे तिथे पाहायला मिळतं. एचआयव्हीला स्वतःच्या बळावर हटवणारा माणूस जवळजवळ सापडतच नाही. मग लसीने गिरवायचं कुणाचं? त्यात हा विषाणू साखरेचं पांघरूण घेतो, सारखं रूप पालटतो, पेशीच्या जनुकांतच घर करतो. थायलंडमध्ये १६ हजारांवर लोक चाचणीत उतरले, २००९ मध्ये निकाल आला: संरक्षण ३१ टक्के. तीच वाट पुढे नेणारी दक्षिण आफ्रिकेतली चाचणी २०२० मध्ये थांबली.

मला मात्र २००५ आठवतं. पुण्यात, भोसरीच्या 'नारी' या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत या लसीची देशातली पहिली चाचणी सुरू झाली. ३० निरोगी माणसं पुढे आली. लसीत एचआयव्हीचा विषाणू नव्हता, तिच्यामुळे लागण होणं शक्यच नव्हतं. पण अशा लसींनी तयार झालेल्या अँटिबॉडींमुळे नेहमीची तपासणी कधीकधी पॉझिटिव्ह दिसू शकते. त्या एका शब्दापायी ताट-वाटी वेगळी झालेल्या बायका मी समुपदेशन करताना रोज पाहत होते. अशा दिवसांत त्या तिसांनी दंड पुढे केला! लसीचा प्रतिसाद बेताचाच निघाला. म्हणून त्यांचं येणं वाया गेलं, असं मी कधीच मानणार नाही.

आता काहीजण म्हणतात, एचआयव्हीची लागण टाळणारं, वर्षातून दोनदा टोचून घ्यायचं लेनाकापाविर आलंय, लस कशाला? औषध उत्तमच आहे. पण ऊसतोडीला जाणारी बाई निम्मं वर्ष गावाबाहेर असते. दर सहा महिन्यांनी तिला गाठून सुई कोण देणार, आणि किती वर्षं?

म्हणून लस हवीच. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या लसीच्या त्या छोट्या चाचणीबद्दल तू किती उत्साहाने बोलली होतीस! लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांत अँटिबॉडी बनवणाऱ्या हव्या त्या बी-पेशी जाग्या झाल्या. पहिलीच पायरी, पण नेम धरून टाकलेली.

दिवाळीला ये. त्या ३५ जणांचं मला पुन्हा नीट समजावून सांग. आणि छत्तिसाव्याचं काय झालं, तेही.

तुझी,
मावशी