नर्गिसच्या गावी

सोलापूरकडे जाणारी रात्रीची गाडी कुर्डुवाडीला भल्या पहाटे उतरवते. तिथून बार्शी पस्तीसेक किलोमीटर. १८९७ साली या टप्प्यावर बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. आता रूळ रुंद झालेत. मला मात्र एसटीच सोयीची होती. दोन्ही अंगांना शाळू पोटऱ्यात आलेला, मधेच एखादी द्राक्षबाग, बाकी माळ.

बार्शीला माणसं येतात ती भगवंताच्या दर्शनाला, नाहीतर आडतीवर माल घेऊन. मी आले होते नर्गिस दत्तसाठी. तिची कबर मुंबईत, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात. मी मुंबईहून आलेली, ती कबर मला कितीतरी जवळ. पण बाईनं आयुष्यभर काय केलं, ते कबरीपाशी थोडंच कळणार? इथं तिच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगायच्या आत तोच म्हणाला, "नर्गिसला ना? बसा."

पडद्यावरची नर्गिस सगळ्यांच्या ओळखीची. मला ओढ नंतरच्या बाईची. १९५८ साली लग्न झालं आणि सिनेमा जवळपास सुटला. मग ती सुनील दत्तांबरोबर अजंठा आर्ट्सचा ताफा घेऊन सीमेवर जायची, जवानांपुढे कार्यक्रम करायची. मुंबईत १९७२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी निघाली, तेव्हा पहिली आश्रयदाती हीच. नटनट्या देणगीचा चेक देतात, फोटो निघतो, विषय संपतो. हिनं आपलं नाव आणि वेळ दोन्ही दिलं. १९८० मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. मग स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. न्यूयॉर्कला महिनोन् महिने उपचार घेऊन ती परतली आणि ३ मे १९८१ला गेली. लेकाच्या पहिल्या सिनेमाचा, 'रॉकी'चा, प्रीमियर अवघ्या काही दिवसांवर होता. त्या खेळाला तिची खुर्ची रिकामी ठेवली होती. सुनील दत्तांनी पुढं तिच्या नावानं कॅन्सर रुग्णांसाठी फाउंडेशन काढलं.

न्यूयॉर्क गाठणं तिला परवडलं. परंडा-भूमकडच्या बाईला बार्शी गाठणंही जड. म्हणून इथलं काम उलट्या दिशेनं झालं. टाटा मेमोरियलच्या साथीनं १९८७ साली इथं ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यात मृत्यूच्या दाखल्यावर कारण धड लिहिलेलं नसतं. तेव्हा कार्यकर्ते गावोगाव फिरले, अंगावरून जातंय का, गाठ आहे का, असं विचारत. जिथं बायका हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, तिथं! पुढं उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तरी त्या गटातले मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. २००९ साली हे जगभर छापून आलं. मला हे वाचून फार अभिमान वाटला होता, उगाचच, माझा त्यात काय वाटा!

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर एक आजी होत्या. गळ्यावर शाईच्या रेघा, शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, खुणा. त्या पुसायच्या नसतात, म्हणून मानेला पाणी न लावता अंघोळ. फाइल कॅरीबॅगेत, शेजारी धडप्यात बांधलेली भाकरी. स्वतःला गिळताना त्रास, म्हणून त्या दूधच घेत होत्या. भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र आल्यागेल्याला वाटत होत्या.

"कुठनं आलाव, ताई?"

"मुंबईहून."

"मंग उपाशी असाल. घ्या की."

एवढी खमंग चटणी मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती. पलीकडच्या पोरालाही त्यांनी अर्धी भाकरी दिली, पाणी दिलं, वर "नीट बस" म्हणून दटावलं.

भिंतीकडं बोट करून त्यांनी विचारलं, "ही नर्गिस कोण वो? डाक्टरीण व्हती का?"

मी सांगितलं, सिनेमातली बाई, 'मदर इंडिया'तली, नांगर ओढणारी.

"ती व्हय!" आजी सावरून बसल्या. "पोटच्या लेकाला गोळी घालती ती! आमच्या गावात तंबूत बगितला व्हता. लई रडलो." आणि सुनेकडं वळून, "अगं, ऐकलं का, त्याच बाईचा दवाखाना हाय ह्यो."

तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला. उरलेली भाकरी त्यांनी माझ्याच हातात दिली आणि पदर सावरत निघाल्या.