लष्कराच्या भाकऱ्या

‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो’ हे शेजारपाजारचं कुणी ऐकवत नाही. ऐकवतात ती घरचीच माणसं. शेजाऱ्यांना तक्रार असायचं कारण नाही, त्यांच्या भाकऱ्या आयत्या होत असतात. पण ही म्हण उलटसुलट करून पाहिली की शेजारधर्माला नीट बसत नाही. एक तर पीठ कुणाचं, हे ती सांगत नाही. दुसरं, लष्कराला कुणी हौसेने भाकऱ्या भाजून देत असेल हेच पटत नाही. आमच्या खानदेशाने फौजा पुष्कळ पाहिल्या. १८०२मध्ये होळकरांच्या फौजेने हा मुलूख लुटला आणि पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ आला. दारात शिपाई उभा असताना ‘आज नाही जमणार’ म्हणायची कुणाची टाप होती? तेव्हा म्हण ज्याला रिकामटेकडी हौस म्हणून हिणवते, तिच्या मुळाशी धाक असेल, असं निदान मला तरी वाटतं. तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भाकऱ्या बांधून घेऊन फौज पुढच्या मुक्कामाला जाते. तिने आठवण ठेवली की नाही, हे भाजणारीला कधी कळत नाही. शेजारी मात्र कूच करत नाही. तो संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बसलेला असतो, आणि परवाचं त्याच्या ध्यानीमनीही नाही हे रोज दिसत राहतं.

पूर्वी माणसं चांगली होती, असं म्हणून यातून सुटता येईल. पण पूर्वी माणसं नव्हे, व्यवस्था चांगली होती. इर्जिकीला सारा गाव बैल घेऊन एकाच्या शेतात उतरायचा, आणि त्या दिवसाचं जेवण मालकाकडे असायचं. भडगावकडे आजही उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे तर एकटीच्या हाताने होत नाहीत. ज्वारीचा शिजलेला घाटा गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर थापावा लागतो. हात पाण्यात बुडवायचा, चटका सोसायचा, ऊन चढायच्या आत खाट भरायची. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. फेड आठ-पंधरा दिवसांत, त्याच कामाने, त्याच चटक्याने. तिथे आभाराची गरजच पडत नाही. आणि जिथे फेडीला वर्षं लागतात तिथे आपण सरळ लिहून ठेवतो. लग्नात आहेराच्या टेबलाशी एकजण वही घेऊन बसतो: नाव, गाव, रक्कम. दहा वर्षांनी त्यांच्याकडच्या लग्नाला निघताना ती वही उघडतात, आकडा पाहतात, थोडी भर घालतात. त्याला कुणी कद्रूपणा म्हणत नाही. एकशे एक रुपयांची नोंद ठेवणारी हीच माणसं कष्टांच्या बाबतीत मात्र ‘शेजाऱ्यात कसला हिशेब’ म्हणतात. हिशेब असतोच, फक्त तो मनात असतो, आणि मनातल्या वहीत जमेची बाजू दुसरा कुणी भरत नाही.

खरी अडचण नव्या कामांची आहे. ई-पीक पाहणी २०२१पासून राज्यभर आली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची, ती सातबाऱ्यावर चढते. बांधावर जायचं, लोकेशन चालू करायचं, खाते आणि गट नंबर निवडायचा, कपाशीचा फोटो काढायचा, रेंज नसली तर थांबायचं. ज्याला हे जमत नाही तो गल्लीतल्या जमणाऱ्याला म्हणतो, ‘भाऊ, इतलं करी दे ना.’ एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणजे सरकारनेही हा शेजारी गृहीतच धरलेला आहे. त्याच्या पेट्रोलचं तेवढं कुणी धरलेलं नाही. याची फेड त्याच कामाने होऊ शकत नाही. ज्याला येत नाही तो उलट काय भरून देणार? म्हणून उपकार एकाच बाजूला साचत जातो. मग पैसे घ्यावेत, असं कुणी म्हणेल. सेतू केंद्रावर ठरलेले पैसे देऊन माणूस मोकळा होतो, कुणाच्या मनात काही राहत नाही. हे खरं आहे, पण गल्लीत एकदा दर ठरला की रात्री दवाखान्यात सोबत जाण्याचा दर काय, हाही प्रश्न येतो. तो कुणालाच ठरवायचा नसतो.

थोरामोठ्यांचं उत्तर आपल्याकडे जवळच आहे. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, फळाची आस सोडायला सांगितलं. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली, आणि गुरुजींच्या त्या कष्टांचा उल्लेख आपण त्या पुस्तकासोबत आवर्जून करतो. फलत्यागाच्या पुस्तकालाही लेखनिकाचं ऋण मानावंसं वाटतं, यात मला विसंगती दिसत नाही. करणाऱ्याने विसरावं, घेणाऱ्याने विसरू नये, असे ते दोन वेगळे धर्म आहेत. पण घेणारा आपला धर्म पाळत नाही, ही तक्रार करणाऱ्याच्या तोंडी आली की त्याचा स्वतःचा धर्म बुडतो, त्याचं काय?

आणि त्या भाकऱ्यांकडे पुन्हा पाहिलं की ही सगळी कुरकुरच जरा लाडावलेली वाटू लागते. याच गावांतून वतनाच्या नावाखाली महारांना कुठल्याही वेळी, कुठल्याही कामाला हाक मारली जाई. मोबदला थोडी इनाम जमीन आणि हाती पडेल ते बलुतं. १९२८मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात त्या वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही वतनं जायला १९५८चा कायदा यावा लागला. त्या राबण्याला गावाने कधी उपकार म्हटलं नाही, म्हणून आभारांचा विषयच निघाला नाही. मागणी होती ती मोबदल्याची आणि सुटकेची. कदर हवीशी वाटते ती ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्यालाच, असा निष्कर्ष मी यातून काढला असता. पण मोबाईलवाल्या शेजाऱ्याला तरी ‘नाही’ कुठे म्हणता येतं? त्याला धाक नाही, भीड आहे. भीड आणि धाक यांत अंतर प्रचंड आहे हे कळतं, तरी ते कुठून मोजायचं ते कळत नाही.

शिवाय समोरच्या ओट्यावर बसणाऱ्याचीही एक वही असणार. याच्या बंद घराकडे दोन दिवस लक्ष ठेवलं, याच्या म्हाताऱ्या आईशी रोज तासभर बोलत बसलो, गिरणेच्या पाटाला पाणी सुटल्याचं आधी यालाच सांगितलं. त्या नोंदी याच्या वहीत नाहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर बाकी कुणाकडे निघेल, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि दोघांपैकी कुणी आपली वही आधी उघडून दाखवेल, असंही वाटत नाही.