उतार

पहाटे पावणेपाचला गजर बंद केला, तरी मी लगेच पाय जमिनीला लावत नाही. पांघरुणातच घोटा गोल फिरवते, चवडा मागेपुढे करते. तरीही न्हाणीघरापर्यंतची पहिली आठदहा पावलं भिंतीला हात लावूनच पडतात. डाव्या टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर जी शीर आहे, ती रात्रभरात उन्हात वाळलेल्या वादीसारखी आखडलेली असते. चूळ भरून होईपर्यंत थोडी सैलावते.

हे सुरू झालं यवतेश्वरच्या घाटात. साताऱ्यात धावणाऱ्याला हा घाट टाळता येत नाही आणि मला तो टाळायचाही नव्हता. दुखायला लागल्यावर मी सगळ्यांनी सांगितलेलं केलं. शेक, लेप, सूज उतरवायच्या गोळ्या आणि तीन महिने पूर्ण विश्रांती. दुखणं थांबायचं. मी बूट घालायचे, आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर व्हायचं. शस्त्रक्रियेचा विषय निघाला तेव्हा मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिनं शीर दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, "काकू, विश्रांती पुरे झाली. आता हिच्यावर भार घालायचा."

"आणि दुखलं तर?"

"दुखेल. दहापैकी पाचापर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको, एवढंच बघा."

पुढं वाचत गेले तेव्हा कळलं, की वेदनेचं हे माप स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांचं आहे. आणि जो व्यायाम तिनं दिला, तो त्याच देशाच्या उत्तरेकडच्या उमेओ शहरातला. तिथले अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन स्वतः धावायचे आणि त्यांचीही हीच शीर, म्हणजे टाचेमागची कंडरा, दुखायची. त्यांनी वरिष्ठांना शस्त्रक्रिया करा म्हणून विनवलं. वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा आल्फ्रेडसननी ठरवलं, की कंडरा इतकी बिघडवायची की नकार देताच येऊ नये. ते मुद्दाम, दुखेल असाच, तिच्यावर भार टाकत राहिले. ती बिघडली नाही, बरी झाली. 1998 साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पंधरा हौशी खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाकीचे उपाय करून थकलेली ही माणसं बारा आठवड्यांनी पहिल्यासारखी धावू लागली होती.

कृती अगदी साधी आहे. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं. दोन्ही पायांनी वर उचलायचं, मग चांगला पाय काढून घ्यायचा आणि दुखऱ्या एकट्या पायावर, सावकाश, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत उतरायचं. चढताना सोबत, उतरताना एकटीनं. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन, म्हणजे पोटरीच्या आतल्या स्नायूलाही काम मिळतं. सकाळी नव्वद, संध्याकाळी नव्वद. बारा आठवड्यांचे होतात 15,120 उतार.

आपल्या भाषेनं हे फार आधीच जाणलंय असं मला त्या दिवसांत वाटायचं. आजार हटू लागला की आपण म्हणतो, उतार पडतोय.

माझी पायरी पडवीची, दगडी, मधे झिजून खोलगट झालेली. याच पायरीवर आजी आम्हाला पाय धुवायला लावायची. "टाच कोरडी राहिली की कली शिरतो," म्हणायची. नळराजाच्या अंगात कली तसाच शिरला होता. ग्रीकांच्या अखिलीसची गोष्ट मला पुष्कळ नंतर भेटली. माझ्यासाठी दुबळी टाच आधी नळाची होती. आजीचा हात तांब्यातलं पाणी ओतता ओतता नेमका त्या शिरेवरून फिरायचा.

आणि ती शीर तेव्हाचीच आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले होते. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात मुरला. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये त्याच्या खुणा या कंडरेत शोधल्या. त्यांना दिसलं, की तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढं जवळजवळ बदलत नाही. कातडी बदलते, स्नायू बदलतात. हा दोर तोच राहतो. माझ्या टाचेमागं आजीनं धुतलेली मुलगी आहे, अजिंक्यताऱ्यावर चपला घालून पळत चढणारी. तीस वर्षं मी तिच्याच जोरावर चालते आहे.

म्हणून मला आता तिच्यावर चिडता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर अशा जुनाट दुखण्यात आपण समजतो तशी सूज फारशी नसतेच. तंतूंची वीण विस्कटलेली असते, भोवती नको त्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा वाढलेल्या असतात. ती वीण गोळीनं बसत नाही. भार आला की कंडरेतल्या पेशींना काम कळतं, आणि उरलेले धडधाकट तंतू जास्त ओझं पेलायला शिकतात. पोटरीही बळकट होते. सगळ्यांना हे लागू पडत नाही. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला लागून असेल, तर टाच पायरीखाली नेणं उलट त्रास देतं. तिथं सपाट जमिनीवरच थांबायचं. काहींना बारा आठवडे पुरत नाहीत.

मला पुरले नाहीत. पाचव्या आठवड्यात रडले. सातव्यात दुखेनासं झालं, म्हणजे नियमाप्रमाणे पाठीवर ओझं घ्यायची वेळ आली. सॅकमध्ये पाच किलो ज्वारीची पिशवी टाकली, आणि दुखणं परतलं, पण आता ओळखीचं होऊन. चौदाव्या आठवड्यात घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत धावले, तिथून चालत परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला हात लावायची गरज पडली ती फक्त तीन पावलं.

आज संध्याकाळचे नव्वद बाकी आहेत. बाहेर भुरभुर पाऊस आहे, दगड निसरडा झालाय. मी पायरी फडक्यानं कोरडी करते, टाचा मात्र ओल्याच ठेवते, आणि खांबाला धरून डाव्या पायावर सावकाश उतरायला लागते. एक. दोन.