‘खराब’ नावाचा फोल्डर

नगरच्या स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या फोनमध्ये ४१२ नव्या फाइल्स होत्या. २९० फोटो, १२२ व्हिडिओ. वाटेत फोनने तीनदा जागा संपत आल्याचं सांगितलं आणि तिन्ही वेळा मी कुणाच्या तरी वाढदिवसाचे व्हिडिओ उडवून जागा केली.

निमित्त रेल्वेचं होतं. ज्यांच्या गावाला कायम रेल्वे होती त्यांना हे कळणार नाही. नगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाइन १९९५ मध्ये मंजूर झाली. गाडी आष्टीपर्यंत आली २०२२ च्या सप्टेंबरात आणि बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. मधली तीस वर्षं ती फक्त भाषणांत धावली. नानांचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने म्हणे आईच्या वडिलांना सांगितलं होतं, ‘पोरगी द्या, दोन वर्षांत दारात रेल्वे येतीय.’ तर ती आली, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी दोघांना घेऊन दुपारच्या गाडीने बीडहून निघाले. नगरला मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी एसटीने परत. आई पहिल्यांदाच रेल्वेत बसत होती. मला मात्र, खरं सांगायचं तर, ट्रॅव्हल व्हिडिओ करायचा होता.

एडिटिंग मला येत नव्हतं. व्हीएन हे ॲप घेतलं, कारण ते फुकट आहे आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव छापत नाही. पहिल्या रात्री ४१२ च्या ४१२ फाइल्स त्यात टाकायला गेले आणि फोन तापून बंद पडला. मग युट्यूबवरच्या एका मुलाने शिकवलं की एडिटिंगची सुरुवात ॲपमध्ये होत नाही, गॅलरीत होते. आधी निवडायचं. तीन फोल्डर करायचे: ‘घ्यायचे’, ‘बघू’ आणि ‘खराब’. एका फाइलवर पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. एकाच डोंगराचे अकरा फोटो असतील तर एक ठेवायचा. हलणारं, अंधारलेलं, तिरपं, मध्येच कुणाचा हात आलेलं, सगळं ‘खराब’मध्ये.

दोन संध्याकाळी हेच केलं. ‘घ्यायचे’मध्ये ५८ फाइल्स उरल्या. बालाघाटचे डोंगर, पूल, वळणावर दिसणारं इंजिन, खिडकीच्या गजांतून पडलेलं ऊन, उसाचे फड. ‘खराब’मधल्या ३०० च्या वर फाइल्स मी एका झटक्यात उडवल्या. जागा झाली. फार हलकं वाटलं.

मग दोन मिनिटांचा व्हिडिओ बनवला. संगीताच्या ठेक्यावर कट, ‘सिनेमॅटिक’ नावाचा फिल्टर, शेवटी मावळतीचं आभाळ. आईला दाखवला. तिने पूर्ण पाहिला आणि म्हणाली, “छान झालंय. ही कुठली गाडी हाय?”

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिला खरंच ओळख पटली नव्हती. फिल्टरने कार्तिकातलं आपलं पिवळट हिरवं निळसर करून टाकलं होतं आणि बालाघाटाचा हिमाचल झाला होता. आवाज एकही नव्हता, कारण तो मी म्यूट करून वर गाणं घातलं होतं. माणूसही एकच होता: पाठमोरी मी, दारात उभी, केस उडताहेत. तो शॉट घ्यायला मी नानांना चार वेळा उठवलं होतं. ते दोघं व्हिडिओत कुठेच नव्हते.

जे मी पाहत आले होते तेच केलं होतं. अशा व्हिडिओंत प्रवास करणाऱ्याचे आईबाप नसतात.

म्हणून ठरवलं, जुने फोटो घालू. आधी त्यांचा प्रवास, मग रेल्वेचा. कारण ते दोघं याच बाजूने वर्षानुवर्षं गेलेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. पाटोद्याकडून निघून जामखेड, आष्टी, कडा, नगर आणि पुढे कारखान्याच्या हद्दीत. नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन जायचं आणि पाडव्याच्या सुमाराला यायचं. मी आणि भाऊ आजीपाशी, काही वर्षं गावातल्या हंगामी वसतिगृहात. दोन वर्षांपूर्वी आईच्या पाठीने नाही म्हटलं आणि ते थांबले.

नानांच्या फोनमधले फोटो मी माझ्याकडे घेतले आणि साल-महिन्याप्रमाणे लावले. हे काम कंटाळवाणं असतं असं सगळे सांगतात. मला कंटाळा आला नाही, भीती वाटली. २०१७: लक्ष्मीपूजन, नवे कपडे, आम्ही चौघं. पुढे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, सगळे महिने रिकामे. मग एकदम यात्रेतला फोटो, आई काळवंडलेली आणि भाऊ वीतभर वाढलेला. २०१८ तसंच. २०१९ तसंच. दर वर्षी त्याच जागी भोक. सगळं एकत्र खिचडी होतं तोवर हे दिसलंच नव्हतं.

फडावरचे फोटो निघाले तीन, तेही व्हॉट्सॲपवरून आलेले. एकात कोपीसमोर आई मोळी बांधतेय आणि तोंड दुसरीकडे आहे. फाइलच्या नावात १४ जानेवारी २०१९ अशी तारीख. मी संक्रांतीचा म्हणून तो लावला. नाना म्हणाले, “संक्रांतीला तर आम्ही दुसऱ्या गावात होतो. हा आधीचाय.” व्हॉट्सॲप फोटोची मूळ तारीख आणि जागा काढून टाकतं आणि नावात लिहितं तो फोटो पाठवल्याचा दिवस. (मूळ माहिती टिकवायची असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे मला कुणी २०१९ मध्ये सांगितलं असतं तर!) म्हणजे ती तारीख फोटोची नाही. त्या दिवशी कुणीतरी रिचार्ज मारला असणार, एवढंच तिच्यावरून कळतं.

तीन फोटोंवर काय व्हिडिओ होणार? तेव्हा ‘खराब’ आठवलं. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेली फाइल ६० दिवस राहते, न झालेली ३० दिवस. माझं बॅकअप कधीच बंद पडलंय, १५ जीबी भरून. तेविसावा दिवस होता.

सगळ्या परत आणल्या आणि या वेळी पाच सेकंदांचा नियम पाळला नाही. त्यात २ मिनिटं ४७ सेकंदांची एक क्लिप निघाली. रेकॉर्डिंग बंद न करताच मी फोन मांडीवर ठेवला होता. चित्रात माझा गुडघा, पिशवीचा बंद आणि हलणारा उजेड. आवाजात आई.

“हितंच. हितंच ट्रॉलीचं टायर बसलं होतं. धानोऱ्याच्या अलीकडं.”

नाना: “धानोरा न्हाई, कडा.”

“धानोराच. तुम्ही झोपला होता तवा. सोनू पोटात होता माझ्या. रातभर रस्त्याच्या कडंला बसून काढली.”

मग बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. मग आई, हळू: “ते बघ. निघाले.”

काय निघालं, ते क्लिपमध्ये दिसत नाही. पण त्याच वेळचा माझा एक फोटो ‘बघू’मध्ये होता, तिरपा, गज आडवा आलेला. दूरच्या रस्त्यावर दोन ट्रॅक्टर आहेत, ट्रॉलीत भांडी, ताडपत्री, माणसं. मी तो उसाच्या फडासाठी काढला होता. आई शेजारी बसून हे बोलत होती आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. कानात इअरफोन होते, व्हिडिओला गाणं कुठलं घ्यायचं ते ऐकत होते.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच एक निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला, आणि लोकांना तो कधी भुकेला वाटला, कधी दुःखी. एडिटिंग शिकवणारे सगळे हे सांगतात. माझ्याकडे आईचा खिडकीतला आठ सेकंदांचा शॉट होता. त्याच्यापुढे डोंगर लावला तर ती मजेत दिसायची. ट्रॅक्टर लावला तर पोटात गोळा यायचा. दोन्ही खोटं वाटलं. शेवटी तो शॉट मी एकटा ठेवला, पुढेमागे काळा पडदा, आणि खाली तिचाच आवाज.

बाकीचं काम तांत्रिक. क्लिपमधून आवाज वेगळा काढता येतो, तो काढला. गाडीची घरघर कमी करायला गेले तर आई डब्यातून बोलल्यासारखी झाली, म्हणून घरघर राहू दिली. एका ॲपकडून सबटायटल्स करून घेतली, त्याने ‘कोपी’ची ‘कॉफी’ केली. ती हाताने लिहिली. फिल्टर काढला. गाणं काढलं.

व्हिडिओ ३ मिनिटं १० सेकंदांचा झाला. तो कुठे टाकायचा की नाही, हा निर्णय आईचा. ती म्हणाली, “लोकांना काय करायचंय आमचं टायर?” मग दोन दिवसांनी, मावशीला पाठव म्हणाली. मी डॉक्युमेंट म्हणून पाठवला. मावशीकडून उघडेना, तेव्हा साधा पाठवला, धुरकट झालेला.

नानांची एकच तक्रार आहे. पाटीवर मी ‘धानोरा’ लिहिलंय आणि ते कडाच होतं. आई स्वयंपाकघरातून ‘धानोरा’ म्हणते. प्रोजेक्ट फाइल १.४ जीबीची आहे, फोन रोज जागा मागतो, पण ती अजून उडवलेली नाही.