दार्ष्टांतिक

दृष्टांत कुठे थांबवायचा, हे मी ‘दृष्टांतपाठा’कडून शिकलो. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी मूळचे आपल्या शेजारच्या गुजरातचे, पण तेराव्या शतकात निरूपण केलं ते मराठीत. केसोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. पहिली दोन स्वामींची. गोष्ट कशाला लागू पडते ते सांगणारं दार्ष्टांतिक केसोबासांचं. आम्ही प्रवचनकार बहुधा मधली गोष्टच रंगवत बसतो. मंडप हसतो, आपल्यालाही बरं वाटतं, आणि सूत्र राहून जातं.

त्यातला हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत पाहा. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. हत्ती कधी न पाहिलेल्या बाईच्या घरातही सूप असतंच. दृष्टांतातली वस्तू अशी रोजच्या हाताळणीतली हवी. मात्र धोकाही तिथेच, कारण ती वस्तू श्रोता आपल्यापेक्षा जास्त ओळखतो.

नंदुरबारात हिवाळ्यात पथारींवर लाल मिरची वाळत पडते. वाळताना वजन घटतं, क्विंटलचा भाव वाढतो. अहंकार सोडण्यावर बोलायला याहून सोपं काय हवं? बाजारपेठेतल्या प्रवचनात हा दृष्टांत चालतो. शेतकऱ्यांपुढे मी तो काढत नाही. बहुतेकांनी मिरची ओलीच विकलेली असते, वाळल्यावरचा भाव त्यांच्या पदरात पडत नाही. त्याग एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, एवढाच अर्थ ते घरी नेतील. देठं खुडणाऱ्या बायांना तर आधी मजुरीच आठवेल. (आठवावीच.)

तळोदा-अक्कलकुव्याकडे दारूबंदीवर बोलताना मोहाच्या झाडालाच शिव्या देणारे वक्ते मी ऐकलेत. तिथे मोहाची फुलं वेचून चार पैसे येतात, बियांचं तेल निघतं, झाडाला मान आहे. त्याच भागातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी १९३०च्या दशकात आपल्या माणसांना दारू सोडायला सांगितलं आणि हजारोंनी ऐकलं. ते त्यांच्यातलेच होते. बाहेरून आलेल्याने निदान झाड तरी ओळखावं.

नव्या प्रवचनकारांना एवढीच विनंती: दृष्टांत ज्या धंद्यातला, त्या धंद्यातल्या माणसाला तो आधी एकट्यात ऐकवा. तो मध्येच ‘पण महाराज...’ म्हणाला, तर गुपचूप दुसरा शोधा.